वरीलप्रमाणे

परवा रात्री साडेदहाला स्वयंपाकघरातला दिवा मालवायला गेले, तर सून जेवणाच्या टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसलेली. शेजारी चहाचा कप, त्यावर साय धरलेली. म्हणजे चहा करून बराच वेळ झालेला.

"काय गं, झोपायचं नाही का?"

"आई, पाच बाळं आहेत आणि पाचही जणांच्या घरी पाचव्याच बाळाचं नाव जातंय."

मी क्षणभर दचकलेच! मग कळलं की बाळं खरी नाहीत, चाचणीपुरती बनवलेली. लसीकरणाची तारीख जवळ आली की आईबाबांच्या मोबाईलवर आठवण जाते ना, तसलं काहीतरी तिच्याकडे काम आहे. निरोप पाच गेले, नंबर पाच वेगळे, पण नाव सगळीकडे शेवटच्या बाळाचं.

आता मी पडले मराठी माध्यमातली बी. ए. ३३ वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. संगणक येतो तो हा ब्लॉग लिहिण्यापुरता. पण शिक्षकाची खोड जात नाही, कुठे चूक आहे म्हटलं की खुर्ची ओढून बसतेच. "मला समजेल असं सांग," म्हटलं. तिने सांगितलं, आणि खरं सांगते मंडळी, मला ते समजलं. का समजलं ते पुढे सांगते.

'लूप' म्हणजे फेरी. आपण हजेरी घेतो तशी. एक नाव घ्यायचं, काम करायचं, पुढचं नाव घ्यायचं. घेतलेलं नाव ठेवायला एक खण असतो. पहिल्या फेरीत त्यात पहिलं नाव, दुसऱ्या फेरीत ते पुसून दुसरं. अगदी फळ्यासारखं. काम तिथल्या तिथे उरकलं तर काहीच बिघडत नाही. घोळ होतो तो काम पुढे ढकललं की. प्रत्येक फेरीत एक चिठ्ठी करून ठेवायची, 'नंतर सवडीने या बाळाच्या घरी निरोप द्या.' आपल्याला वाटतं की चिठ्ठीत बाळाचं नाव लिहिलं गेलं. संगणकाने मात्र लिहिलेलं असतं, 'फळ्यावर असेल ते नाव'. पाच चिठ्ठ्या तयार होतात, फेऱ्या संपतात, फळ्यावर शेवटचं नाव तसंच राहतं. मग चिठ्ठ्या उघडतात आणि पाचही जण फळ्याकडे बघतात.

याला त्यांच्यात 'लूप व्हेरिएबल कॅप्चर' म्हणतात. व्हेरिएबल म्हणजे तो खण. ती बोलत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर १९८४ सालची एक यादी उभी राहिली.

तेव्हा मी तालुक्याच्या गावी आठवीची वर्गशिक्षिका होते. शिष्यवृत्तीची यादी करायची होती. जनरल रजिस्टर पुढ्यात घेऊन नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात-पोटजात, उत्पन्न असे रकाने भरत होते. एकाखाली एक तोच शब्द यायला लागला की हात आपोआप दोन काड्या काढतो. डिट्टो. वरीलप्रमाणे. सगळेच काढायचे, अजूनही काढतात. यादी मुख्याध्यापकांना दाखवली. ते म्हणाले, "बाई, वरून पत्र आलंय, मुली आधी, मुलगे नंतर, असा क्रम हवा." दुसऱ्या दिवशी यादी जायची होती. रात्री घरी बसून नव्या क्रमाने उतरवून काढली. नावं नव्या क्रमाने, आणि नावापुढे पहिल्या यादीत जे होतं ते. जिथे शब्द तिथे शब्द, जिथे काड्या तिथे काड्या.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. एका मुलीच्या पुढ्यात काड्या होत्या. पहिल्या यादीत तिच्या वर तिच्याच भावकीतला एक मुलगा होता. दुसऱ्या यादीत वर दुसरीच मुलगी आली. कागदावर पोरीची जात बदलली. सोबतचा दाखला एक सांगतो, यादी दुसरंच. अर्ज 'त्रुटी' असा शेरा घेऊन दिवाळीनंतर परत आला, तोवर मुदत संपून गेलेली.

तिचे वडील शेतमजुरीला जायचे. शाळेत आले, व्हरांड्यात उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. "पुढच्या वर्षी व्हईल न्हवं, बाई?" एवढंच विचारलं. पुढच्या वर्षी झालं. पण त्या वर्षी ती मुलगी दुसऱ्यांची पुस्तकं मागून अभ्यास करत होती, आणि मी तासाला पुस्तक उघडा म्हटलं की तिच्या बाकाकडे बघायचं टाळत होते.

मला जास्त लागलं ते वेगळंच. ती यादी मी पाठवण्याआधी दोनदा तपासली होती. बोट ठेवून, ओळ न् ओळ. एकही रकाना रिकामा नव्हता. एकही आकडा चुकला नव्हता. काड्यासुद्धा जागच्या जागी होत्या! प्रत्येक ओळ बरोबर दिसत होती, कारण चूक ओळीत नव्हतीच, ती दोन ओळींच्या नात्यात होती.

असो. तर सुनेला विचारलं, "अगं, तुमच्यात कुणी तपासनीस नसतो का, आधीच सांगणारा?"

असतो म्हणाली. म्हणजे माणूस नव्हे, दुसरा एक प्रोग्रॅम. तो तुमचा प्रोग्रॅम चालवून बघत नाही, नुसता वाचतो. आपण वही तपासतो तसा. वाचता वाचता जिथे शंका येईल तिथे खूण करतो. याला 'स्टॅटिक अ‍ॅनालिसिस' म्हणतात. १९७८ च्या सुमारास अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी असा एक तपासनीस बनवला आणि त्याचं नाव ठेवलं 'लिंट'. लिंट म्हणजे कपड्याला चिकटणारे बारीक तंतू, कापसाचा भुगा. कपडा फाटलेला नसतो, पण झटकलेला बरा. मला हे नाव फार आवडलं. सून पायथॉन नावाच्या भाषेत लिहिते, तिथल्या तपासनिसाचं नावही त्यावरूनच पडलंय, 'पायलिंट'. त्याच्याकडे नेमक्या या चुकीसाठी वेगळा नियमच आहे.

"मग त्याने सांगितलं नाही?"

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "सांगितलं असतं, आई. आम्हीच तो नियम बंद करून ठेवलाय. फार खोट्या हाका मारतो."

ही गोष्ट मला चटकन पटली, आणि वाईटही वाटलं. आमच्या शाळेत एक सहकारी होते, भाषेचेच. वही तपासायला घेतली की लाल पेन थांबायचं नाही. ह्रस्व-दीर्घ तर सोडाच, पण 'हा शब्द बरा नाही', 'इथे स्वल्पविराम चालला असता' इथपर्यंत. पानं रक्तबंबाळ. मुलांनी काय करावं? वही परत आली की उघडायचीच नाही. त्यात एखादी खरी घोडचूक असायची, तीही त्या लाल गर्दीत बुडून जायची. उलट दुसऱ्या एक बाई होत्या, शंभर टक्के खात्री असल्याशिवाय खूण करायच्या नाहीत. त्यांच्या लाल रेघेला मुलं घाबरायची, पण अर्ध्या चुका तशाच पुढच्या वर्गात जायच्या.

यंत्र तपासनिसाचीही हीच अडचण आहे म्हणे, आणि ती नुसत्या हुशारीने सुटणारी नाही. फळ्याकडे बोट दाखवणारी चिठ्ठी लिहिणं ही दर वेळी चूक नसतेच. त्याच फेरीत चिठ्ठी उघडून काम झालं तर सगळं ठीक. चिठ्ठी आत्ता उघडणार की नंतर, हे मात्र नुसतं वाचून दर वेळी सांगता येत नाही. कुठलाही प्रोग्रॅम दिला तरी तो चालून संपेल की नाही, हे ठरवणारी एकच सार्वत्रिक रीत असू शकत नाही, हे अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६ सालीच सिद्ध केलं. त्याच धाग्याने पुढे १९५३ मध्ये राइस यांचं प्रमेय आलं. प्रोग्रॅम चालताना कसा वागेल याबद्दलच्या कुठल्याही अर्थपूर्ण प्रश्नाला दर वेळी बिनचूक उत्तर देणारा तपासनीस बनवता येत नाही, असं ते सांगतं. (सुनेने हे दोनदा सांगितलं, मी तीनदा विचारलं.) म्हणजे तपासनिसाला निवड करावीच लागते. खोट्या हाका मारायच्या, की खऱ्या चुका सोडायच्या?

मग तिने मला एक खरी घडलेली गोष्ट सांगितली. मी दुसऱ्या दिवशी बसून ती आणखी वाचली.

'लेट्स एन्क्रिप्ट' नावाची एक ना-नफा संस्था आहे. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' असतं ना, त्यासाठी एक प्रमाणपत्र लागतं. ते ही संस्था २०१५ च्या अखेरीपासून फुकट देते. आता संकेतस्थळाच्या मालकाला अशी पाटी लावून ठेवता येते की 'माझं प्रमाणपत्र अमक्याच संस्थेने द्यावं, इतरांनी नाही.' प्रमाणपत्र देण्यापूर्वी आठ तासांच्या आत ती पाटी बघणं देणाऱ्यावर बंधनकारक असतं. एका अर्जात दहा नावं असली तर दहाही पाट्या बघायच्या. यांच्या यंत्रणेत झालं असं की पाट्या पुन्हा बघायची वेळ आली की दहा नावांतलं एकच नाव उचललं जायचं आणि तीच पाटी दहा वेळा बघितली जायची. एकाच मुलाची वही दहा वेळा तपासून दहा जणांच्या प्रगतिपुस्तकावर सही, तसं.

ही चूक २०१९ च्या जुलैमध्ये शिरली आणि २९ फेब्रुवारी २०२० ला पक्की कळली. कळल्यावर दोन मिनिटांत त्यांनी प्रमाणपत्रं देणं थांबवलं, आणि दोन-सव्वादोन तासांत दुरुस्ती करून पुन्हा सुरू केलं. पण तोवर ३०,४८,२८९ चालू प्रमाणपत्रं या घोळात सापडली होती, एकूण साधारण ११ कोटी ६० लाखांतली. नियमाप्रमाणे ती सगळी पाच दिवसांत रद्द करायची. १७ लाखांवर केलीही. उरलेली केली असती तर तितकी संकेतस्थळं लोकांना उघडताना इशारे द्यायला लागली असती, म्हणून तिथे हात आवरला. त्यांची प्रमाणपत्रं तेव्हा ९० दिवसांचीच असत. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर लिहून ठेवलंय, आकड्यांसकट. मी माझ्या यादीबद्दल आज पहिल्यांदा लिहितेय, एवढंच म्हणते.

पण मला थांबायला लावलं ते त्या चुकीच्या जागेने. ते सगळं 'गो' नावाच्या भाषेत लिहिलेलं होतं. गूगलमध्ये तयार झालेली आणि २००९ मध्ये सगळ्यांसाठी खुली झालेली भाषा. त्या फेरीत खण दोन होते, एक नावाचा आणि एक नावापुढच्या माहितीचा. लिहिणाऱ्याला धोका माहीत होता! नावाच्या खणाची त्याने वेगळी प्रत करून घेतली होती. दर फेरीत हे बदलतं म्हणून प्रत करतोय, अशी टीपही लिहिली होती. आणि लगेच पुढच्या ओळीत दुसऱ्या खणाची प्रत न करता त्याचा नुसता पत्ता पुढे दिला होता.

अज्ञानातून चूक झाली असती तर समजू शकते. हा माणूस जाणता होता. एका काडीच्या जागी शब्द लिहिला, शेजारची काडी राहिली. मी ते वाचलं तेव्हा त्याच्याबद्दल, कोण असेल तो किंवा ती, मला फार आपलेपणा वाटला.

आणि तपासनीस? गो भाषेचा स्वतःचा एक तपासनीस आहे, 'गो व्हेट'. पण तो त्या दुसऱ्या बाईंच्या जातीचा, खात्री असल्याशिवाय न बोलणारा. फेरीच्या शेवटी एखादं काम पुढे ढकललंय आणि त्यात तो खण वापरलाय, असं अगदी समोर दिसलं तरच खूण करणार. इथे तर पत्ता दुसऱ्याच ठिकाणी लिहिलेल्या कामाकडे गेला होता आणि तिथे त्यातला तुकडा जपून ठेवला गेला होता. समोरच्या पानावर काही दिसतच नव्हतं. माझ्या यादीसारखंच, प्रत्येक ओळ बरोबर!

शेवटी गोवाल्यांनी काय केलं? तपासनिसाला आणखी शहाणं करण्याऐवजी भाषेचा नियमच बदलला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या १.२२ या आवृत्तीपासून दर फेरीला नवा खण मिळतो. एकच फळा पुसून पुसून वापरायचा नाही, प्रत्येक फेरीला आपापली पाटी. सी शार्प नावाच्या भाषेने असा बदल आपल्या एका प्रकारच्या फेरीत २०१२ मध्येच केला होता. जावास्क्रिप्टमध्येही २०१५ पासून तशी सोय आहे.

नियम बदलायचा तर जुन्या लोकांचं काय? इथे मला आमचं बोर्ड आठवलं. अभ्यासक्रम बदलला की नापास मुलांची परीक्षा काही काळ जुन्या अभ्यासक्रमानुसारच घ्यायची. गोमध्येही तसंच. प्रत्येक प्रकल्पाच्या कागदावर तो कोणत्या आवृत्तीसाठी लिहिलाय ते नोंदलेलं असतं. १.२२ किंवा पुढची नोंद असेल तरच नवा नियम, नाहीतर जुना. शिवाय जाहीर करण्याआधी गूगलने आपल्या स्वतःच्या कामात मे २०२३ पासून नवा नियम लावून पाहिला. पहिल्या चार महिन्यांत प्रत्यक्ष वापरात एकही तक्रार आली नाही, असं त्यांनी लिहिलंय.

काही चाचण्या मात्र नापास झाल्या, आणि त्याची कथा तर शिक्षकांनी ऐकावीच. प्रोग्रॅम बरोबर चालतो का हे बघायला चाचण्या लिहितात, त्याही फेरीतच. त्या एकदम चालाव्यात म्हणून पुढे ढकललेल्या असल्या की त्यांनाही हीच चूक चिकटायची. म्हणजे तोंडी परीक्षेला चार मुलं बोलावली आणि चारही वेळा चौथाच उभा राहिला. तो हुशार. चौघेही पास! वर्षानुवर्षं पास. नवा नियम आल्यावर पहिला, दुसरा, तिसरा खरोखर उभे राहिले आणि मग कळलं कोणाला काय येतं ते.

सुनेच्या पायथॉनमध्ये मात्र नियम जुनाच आहे. तिथे फळा एकच. त्यामुळे लिहिणाऱ्याने जपायचं आणि तपासनिसाने टोकायचं, याला पर्याय नाही. त्या रात्री तिने तो बंद केलेला नियम पुन्हा चालू केला. स्क्रीनवर १४ ठिकाणी खुणा आल्या. मी शेजारी बसून राहिले. ती एकेक उघडून बघत होती, "ही ठीक आहे... ही ठीक आहे... ही पण." ११ खोट्या हाका निघाल्या. तीन खऱ्या. एक आमच्या पाच बाळांची आणि बाकी दोन अशा, की ज्या कुणाला ठाऊकच नव्हत्या. तिने तिन्ही ठिकाणी चिठ्ठी करतानाच तिच्यात प्रत्यक्ष नाव घातलं. पुन्हा चालवलं. पाच निरोप, पाच नावं.

"११ खोट्या म्हणून ऑफिसात पुन्हा बंद करा म्हणतील," ती म्हणाली. मी म्हटलं, "ते दोन दाखव त्यांना." चहा पुन्हा गरम करून तिच्यापुढे ठेवला.

त्या यादीनंतर मी माझ्यापुरता डिट्टो बंद केला. निवृत्त होईपर्यंत माझ्या एकाही कॅटलॉगात, निकालपत्रकात दोन काड्या सापडणार नाहीत. ६० मुलं असली तर ६० वेळा 'मराठी' लिहायचं. स्टाफरूममध्ये हसायचे. "बाईंना शाई फुकट मिळते वाटतं." मी कारण कधी सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांनी एसटी स्टँडवर ती मुलगी भेटली. मीच ओळखलं नाही, तिने ओळखलं. अंगणवाडीत सेविका आहे म्हणाली, वाकून नमस्कार केला. सोबत तिची लेक होती, आठवीतली. माझ्या ओठांवर आलं होतं. पण गाडी लागली, कंडक्टर ओरडायला लागला, आणि ती लेकीचा हात धरून चढलीसुद्धा. खिडकीतून हात हलवत राहिली.